अर्धे तिकीट

आम्हा दोघांचा संसार जळगाव–धुळे रस्त्यावर झाला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. एक नोकरी जळगावच्या महाविद्यालयात, दुसरी धुळ्याच्या. दोन्हीकडे मराठीचेच अध्यापन. आणि मध्ये एरंडोल, पारोळा ही गावे, जी आम्हाला आता पुस्तकातल्या पाठ झालेल्या परिच्छेदांसारखी वाटतात. घर जळगावला. त्यामुळे आठवड्यातले निदान तीन-चार दिवस आमच्यापैकी एक जण एस.टी.त असतो. या लेखात ‘आम्ही’ हे सर्वनाम येते ते संपादकीय थाटाचे नाही. लेख खरोखरच दोघांनी मिळून लिहिला आहे, आणि त्यात सांगितलेली चूकही दोघांनी मिळूनच केलेली आहे.

सुरुवात एस.टी.पासूनच करायला हवी. ‘अर्धे तिकीट’ हा मराठी माणसाच्या बालपणाशी जोडलेला शब्द आहे. पाच वर्षांपर्यंत फुकट, पाच ते बारा अर्धे, आणि मग एके दिवशी वाहक आपल्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून ‘पूर्ण’ म्हणतो, तेव्हा मोठे झाल्याचा पहिला सरकारी दाखला मिळतो. तेराव्या वर्षीही मुलाला गुडघे वाकवून उभे राहायला सांगणारी आई आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. काहींची ती स्वतःचीच असेल. त्यात लबाडी होती हे खरे, पण त्या लबाडीच्या पोटी एक हिशेब होता. घरातल्या माणसांची संख्या आणि हातातले पैसे यांचा मेळ बसवण्याचा तो हिशेब होता.

१७ मार्च २०२३पासून एस.टी.त सर्व महिलांना तिकिटाच्या दरात पन्नास टक्के सवलत लागू झाली. तिच्या आर्थिक बाजूवर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. आम्ही फक्त आसनावर बसून जे पाहिले ते सांगतो. पूर्वी लग्नाला, साखरपुड्याला किंवा कोणाच्या सांत्वनाला घरातून एक माणूस जायचा. तो बहुधा पुरुष असायचा, आणि साऱ्या घरादाराच्या वतीने हजेरी लावून परतायचा. आता पारोळ्याला एखादी सासू चढते, तिच्यासोबत सून चढते, सुनेच्या कडेवर मूल असते. कधी तर नवरा घरी आणि बायको माहेरच्या लग्नाला, असेही दिसते. या बायकांना लग्नाला जायची हौस २०२३ साली अचानक उत्पन्न झाली नाही. ती होतीच. तिकिटाचा दर उंबऱ्याशी उभा राहून ‘एकानेच जा’ म्हणत होता, एवढेच.

एका माणसासाठी तिकीट ही एक किंमत असते. कुटुंबाच्या बाबतीत तिकीट ही निवड होऊन बसते: कोणी जायचे आणि कोणी राहायचे. आणि राहायचे कोणी, हे आपल्याकडे बहुतेक घरांत आधीच ठरलेले असते.

ही साधी गोष्ट साहित्याच्या दोन प्राध्यापकांना एस.टी.च्या वाहकाकडून शिकावी लागली. त्याच्या दोनच महिने आधी आम्ही एका छोट्या फुटबॉल क्लबाच्या तिकीट-टेबलावर बसून नेमके उलटे वागलो होतो.

खानदेशात फुटबॉल म्हटले की लोक किंचित हसतात. आमच्याकडे यात्रेतल्या कुस्त्या, कबड्डी आणि गल्लोगल्लीचे क्रिकेट. फुटबॉल होता तो भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या मंडळींच्या आठवणींत आणि काही मोहल्ल्यांच्या मोकळ्या जागांवर. परंतु १५ सप्टेंबर २०१७ या दिवशी राज्यभर शाळा-महाविद्यालयांतून एकाच वेळी फुटबॉल खेळवण्याचा एक सरकारी उपक्रम झाला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात व्हायची होती, आणि दहा लाख मुलांनी त्या निमित्ताने चेंडूला पाय लावावा, अशी कल्पना होती. सरकारी उपक्रमांकडे संशयाने पाहण्याची आम्हा प्राध्यापकांना सवय असते. त्या दिवशी आम्हीही आपापल्या महाविद्यालयाच्या मैदानावर उन्हात उभे राहून घड्याळ पाहिले. कार्यक्रम संपला, छायाचित्रे निघाली, अहवाल गेले. चेंडू मात्र मागे उरले.

आमच्या वसाहतीच्या मागे असलेल्या शाळेच्या मैदानावर त्यातलाच एक चेंडू पुढची दोन-तीन वर्षे फिरत राहिला. त्याच्यामागे धावणारी मुले औद्योगिक वसाहतीतल्या चटई कारखान्यांत आणि डाळ मिलमध्ये काम करणाऱ्या लोकांची होती. काही रिक्षावाल्यांची, आणि आमच्यासारख्या नोकरदारांची दोन-चार. त्यांत आमचा मुलगा होता. पुढे मुलगीही जाऊ लागली. भुसावळहून निवृत्त होऊन आलेले एक रेल्वे कर्मचारी त्यांना शिकवू लागले. त्यांना सगळे ‘काका’च म्हणतात, आम्हीही तसेच म्हणू. हळूहळू त्या खेळण्याला नाव मिळाले, पावती पुस्तक आले, गणवेश आले. छोटे क्लब असेच जन्माला येतात. त्यांची स्थापना नंतर होते.

जानेवारी २०२३मध्ये या क्लबाने आठ संघांची स्पर्धा भरवायचे ठरवले. मुलांच्या बुटांसाठी आणि बाहेरगावच्या स्पर्धांच्या प्रवासखर्चासाठी पैसे उभे करायचे होते. मंडप, कनात, पंचांचे मानधन, पाण्याचे जार, चषक असा खर्च काढल्यावर तिकीट लावण्यावाचून गत्यंतर नव्हते. दर ठरवण्यासाठी बैठक बसली. काका म्हणाले, “माणशी तीस रुपये ठेवा, पण बायकांना आणि पोरांना अर्धे तिकीट करा.”

त्याला विरोध आम्ही केला.

आमचे मुद्दे त्या वेळी आम्हाला फारच बिनतोड वाटले होते. एक, दोन रंगांची तिकिटे छापणे आणि त्यांचा हिशेब ठेवणे कटकटीचे. दोन, फुकट किंवा स्वस्त गोष्टीला लोक किंमत देत नाहीत. आणि तीन (हे सांगताना आज लाज वाटते), स्त्री-पुरुष समानतेच्या काळात स्त्रियांना सवलत देणे म्हणजे त्यांना दुय्यम समजणे होय. आम्ही वर्गात स्त्रीवादी समीक्षा शिकवतो. बैठकीत आमच्या बोलण्याला वजन होते. काकांनी ‘तुम्ही म्हणता तर तसं’ असे म्हणून कागदावर तीसचा आकडा लिहिला. सर्वांना समान.

सामन्यांच्या दिवशी तिकिटाचे टेबल आमच्याकडे होते. पहिल्या तासातच लक्षात आले की आत जाणारे बहुतेक पुरुष आहेत, आणि एकेकटे आहेत. बाप येत होता, आई येत नव्हती. मोठा मुलगा येत होता, धाकटी बहीण येत नव्हती. कनातीच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला मात्र गर्दी वाढत होती. समोरच्या दोन गच्च्या बायकांनी भरल्या. ज्यांना गच्ची नव्हती त्या कनातीच्या दोन कापडांमधल्या फटीला डोळा लावून उभ्या होत्या.

उपान्त्य सामन्याच्या वेळी एक बाई टेबलाशी आल्या. सोबत तीन मुले. त्यांचा मोठा मुलगा आमच्या संघाचा गोलरक्षक आहे, हे आम्हाला नंतर कळले. त्यांनी दर विचारला, पदराच्या गाठीतले पैसे मोजले, पुन्हा मोजले. चौघांचे एकशेवीस होत होते. मग त्यांनी दोन नंबरच्या मुलाला तीस रुपये देऊन आत पाठवले आणि आमच्याकडे पाहून, कसलीही तक्रार न करता, अहिराणीत म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या सर. मना पोऱ्या खेळी ऱ्हायना ना, मी आठूनच देखसू.”

आम्ही ‘या, असेच आत या’ म्हणू शकलो असतो. नंतर तसे म्हणालोही. तेव्हा त्या नको म्हणून बाजूला झाल्या. फुकट आत येणे त्यांना नको होते. धाकट्या दोघांना घेऊन त्या कनातीच्या फटीशी उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलाने त्या दिवशी एक पेनल्टी अडवली. मैदानात टाळ्या पडल्या. त्यांना तो क्षण दिसला की नाही, हे आम्हाला ठाऊक नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही.

बाहेर राहिलेल्या माणसांचा इतिहास खेळाच्या इतिहासाइतकाच जुना आहे. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २–१ असे हरवून आय.एफ.ए. शिल्ड जिंकली, हे सर्वज्ञात आहे. त्या दिवसाच्या हकिकतींमध्ये असेही सांगतात की दोन रुपयांचे तिकीट पंधरा रुपयांपर्यंत गेले होते, आणि ज्यांना मैदान दिसत नव्हते अशा हजारो लोकांना गुणसंख्या कळावी म्हणून पतंग उडवले जात होते. राष्ट्रीय अस्मितेचा तो प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. आम्हाला मात्र हल्ली त्या विजयापेक्षा त्या पतंगाकडे पाहत उभी असलेली माणसे जास्त आठवतात. आपला संघ जिंकतो आहे, आणि ते आपल्याला आभाळात पाहून कळते!

पुढच्या वर्षी, जानेवारी २०२४मध्ये, एका चर्चासत्राच्या निमित्ताने कोल्हापूरला जाण्याचा योग आला. मुलांना सोबत नेले. विषय ‘ग्रामीण साहित्यातील बदलते वास्तव’ असा होता. पण मुलांच्या दृष्टीने त्या सहलीचे एकमेव प्रयोजन छत्रपती शाहू स्टेडियम हे होते. महाराष्ट्रात फुटबॉल हा ज्या एका शहराच्या रक्तात आहे, ते शहर म्हणजे कोल्हापूर. आणि गंमत अशी की तिथले अनेक नामांकित संघ नावानेच तालमी आहेत: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. कुस्तीची तालीम, तिच्या भोवतीची पेठ, पेठेचा गणपती आणि पेठेचाच फुटबॉल संघ, असे ते एकत्र कुटुंब आहे. सतरा वर्षांखालील ज्या विश्वचषकाच्या निमित्ताने आमच्या मैदानावर चेंडू आला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा.

आम्ही पाहिलेला सामना साखळीतला साधासा सामना होता. पण स्टेडियममधला गलका अंतिम सामन्याचा वाटावा असा. तिकीट चित्रपटाच्या तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त. आमच्या पुढच्या पायरीवर एक आजोबा, त्यांचा मुलगा आणि त्याचा मुलगा असे तिघे बसले होते. आजोबा नातवाला खेळाडूंची नावे सांगत नव्हते; कोणता खेळाडू कोणाचा नातू, कोणाचा पुतण्या, हे सांगत होते. आमच्या मुलाला त्याचे फार नवल वाटले. आम्हाला वाटले की हा साहित्याच्या परंपरेचाच वर्ग चालू आहे. परंपरा अशीच शिकवली जाते, पायरीवर बसून, शेंगांची टरफले टाकत, पुढच्याला मागच्याचा संबंध सांगत. त्या पायरीवर तिघांना बसणे परवडते, म्हणून तो वर्ग भरतो. आजोबा एकटेच आले असते तर त्यांच्याजवळचे सगळे ज्ञान त्यांच्याबरोबरच घरी गेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खासबाग मैदान पाहिले. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपच्या प्रवासाला गेले असताना त्यांनी रोममधले प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि त्यावरून कुस्तीचे असे मैदान बांधण्याची कल्पना त्यांना सुचली, असे सांगितले जाते. १९१२ साली ते पूर्ण झाले. मधोमध हौदा आणि भोवती वर चढत गेलेली बैठक. अगदी शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही कुस्ती स्पष्ट दिसावी, अशी ती रचना. रिकाम्या मैदानाच्या वरच्या कडेला उभे राहून आम्ही खाली पाहिले तेव्हा आम्हाला कनातीची फट आठवली. एका राजाने शंभर वर्षांपूर्वी शेवटच्या रांगेचा विचार केला होता. आम्ही लोकशाहीतल्या दोन प्राध्यापकांनी पहिल्या रांगेचासुद्धा नीट केला नव्हता.

कोल्हापूरचे चित्र रंगवताना एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. आम्ही बसलो होतो त्या भागात बायका फारच थोड्या होत्या. आमची मुलगी सारा वेळ आईला चिकटून बसली, कारण मागच्या रांगेतून येणारे शब्द तिच्या पाठ्यपुस्तकातले नव्हते. तेव्हा, दर कमी केला म्हणजे कुटुंब आपोआप आत येते, हेही खरे नाही. स्वस्त तिकीट दार उघडते. आत बसायला जागा, प्यायला पाणी, स्वच्छतागृह, उजेड असताना संपणारा सामना आणि ऐकवेल अशी भाषा हे सगळे नसेल, तर दार उघडूनही उंबरा ओलांडला जात नाही.

आमच्या वाचकांपैकी बहुतेक जण साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक. त्यांना फुटबॉलचे हे पुराण कशासाठी, असे वाटू शकेल. पण प्रेक्षक नाही, वाचक नाही, ही आपल्या प्रत्येक परिसंवादातली ठरलेली तक्रार आहे. आणि ती करताना आपण अभिरुची, दूरचित्रवाणी, मोबाइल या सगळ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. दराचा मुद्दा निघाला की तो आपल्याला क्षुद्र वाटतो. व्यावसायिक नाटक जळगावला येते तेव्हा चौघांच्या कुटुंबाने ते पुढच्या रांगांतून पाहायचे म्हटले, तर आमच्यासारख्या वेतनधारकांनाही दोनदा विचार करावा लागतो. मग आम्ही दोघेच जातो आणि मुले घरी राहतात. म्हणजे कनातीच्या फटीचा नियम आमच्या घरातही लागू होतोच, फक्त थोड्या वरच्या दराला. करआकारणीतसुद्धा शासनाने पाचशे रुपयांची एक रेघ ओढलेली आहे: पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या किंवा मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धेच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर नाही. ही रेघ माणशी आहे. घर म्हणून तिकीट काढणाऱ्याला तिचे कौतुक किती असणार? रेल्वेतही २०१६च्या एप्रिलपासून मुलासाठी स्वतंत्र शायिका घेतली तर भाडे पूर्ण लागते. अर्धे तिकीट असे कुठे येते आहे, तर कुठे जाते आहे.

अर्थात याला दुसरी बाजू आहे, आणि ती आम्ही जवळून पाहिली आहे. हौशी राज्य नाट्य स्पर्धेची तिकिटे नाममात्र दराची असतात. तरीही तिथल्या रिकाम्या खुर्च्या आम्ही मोजल्या आहेत. कारण त्या तिकिटामागे ‘हे आमचे आहे’ म्हणणारी पेठ उरलेली नाही. म्हणजे दर आणि आपलेपणा ही दोन चाके आहेत. एक नसेल तर गाडी कलंडते.

आपलेपणाचा हक्क प्रेक्षक कसा बजावतो, याची एक हकिकत इंग्लंडमधली आहे. फेब्रुवारी २०१६मध्ये लिव्हरपूलच्या व्यवस्थापनाने पुढच्या हंगामासाठी काही जागांचे तिकीट ७७ पौंडांवर नेण्याचे ठरवले. तेव्हा सुंदरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून मैदानाबाहेर निघून गेले. त्या वेळी लिव्हरपूल २–० असे पुढे होते; सामना २–२ असा संपला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी तिथल्या प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी तिकिटाची कमाल मर्यादा ३० पौंड ठरवली. ही झाली बलाढ्य क्लबाची गोष्ट. आम्हाला अधिक जवळची वाटते ती मँचेस्टरमधल्या एका लहान क्लबाची. २००५ साली मँचेस्टर युनायटेडची मालकी बदलली तेव्हा नाराज झालेल्या पाठीराख्यांनी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा स्वतःचा क्लब काढला. तो सभासदांच्या मालकीचा आहे. प्रत्येकाला एकच मत. त्यांनी २००९-१०च्या हंगामापासून हंगामी तिकिटाला किमान रकमेच्या वर ज्याला जेवढे परवडेल तेवढे द्यावे, अशी योजना आणली. आपल्या वारकरी फडांना किंवा भंडाऱ्याच्या वर्गणीला यात नवे काही वाटणार नाही. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यायचे, पंगत सर्वांची एकच.

आणि अनुभव आपल्याही देशाचा आहे. २०१७च्या त्या विश्वचषकाची तिकिटे सुरुवातीला अवघ्या अठ्ठेचाळीस रुपयांपासून विकली गेली. स्पर्धेला एकूण १३ लाख ४७ हजार १३३ प्रेक्षक आले. सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी तो विक्रम ठरला. श्रेय एकट्या दराचे नव्हे, हे कबूल. पण दर आड आला नाही, एवढे तर म्हणता येईल.

कोल्हापूरहून परतल्यावर क्लबाची बैठक झाली. या वेळी आम्ही दोघांनी मिळून एक कागद नेला होता. त्यात लिहिले होते: माणशी वीस रुपये, बारा वर्षांखालील मुलांना फुकट, आणि एका कुटुंबाचे मिळून एकच तिकीट, पन्नास रुपये. काका हसले. वर्षभरापूर्वीचे आमचे भाषण त्यांना आठवत असणार. त्यांनी ते काढले नाही.

मग चर्चा अडली ती व्याख्येवर. कुटुंब म्हणजे कोण? आई-वडील आणि दोन मुले, असे एक सदस्य म्हणाले. मग आजीचे काय? नवरा वारलेल्या बाईचे काय? तिचा भाऊ सोबत आला तर? भाडेकरू? शेजारच्यांचे पोर, जे दिवसभर आपल्याकडेच असते? साहित्याच्या वर्गात ‘कुटुंबसंस्था’ हा शब्द आम्ही शेकडो वेळा वापरला असेल; पण तिकीट छापायची वेळ आली तेव्हा तिची व्याख्या आमच्याजवळ नव्हती. शेवटी डाळ मिलमध्ये हमाली करणाऱ्या एका पालकाने प्रश्न सोडवला. ते म्हणाले, “एका चुलीवर जेवणारे ते एक घर. लिहा.” आणि तिकिटावर तसेच छापले: ‘एक चूल – पन्नास रुपये.’ गेली वीस वर्षे आम्ही मराठीच्या व्याख्या शिकवत आहोत. इतकी नेटकी आमच्या हातून झालेली नाही.

फेब्रुवारी २०२४च्या त्या स्पर्धेला दारावर बसणाऱ्यांची करमणूक झाली. एक बाई सात मुले घेऊन आल्या आणि विचारल्यावर ठामपणे म्हणाल्या, “आज रात्री सगळी माझ्याच चुलीवर जेवणार आहेत.” काकांनी मान डोलावली आणि कनात बाजूला केली. मैदानाची एक बाजू कुटुंबांसाठी राखली होती. पाण्याचे जार तिकडेच ठेवले, शाळेची स्वच्छतागृहे उघडून घेतली, अंतिम सामना दुपारी चार वाजता घेतला. शिवी ऐकू आली की काका शिट्टी वाजवून सामना थांबवायचे. दोन-तीनदा थांबवल्यावर प्रेक्षकांनीच एकमेकांना गप्प केले. गल्ला मागच्या वर्षीपेक्षा फारसा वाढला नाही, फारसा घटलाही नाही. भजी आणि शेंगा विकणाऱ्यांनी मात्र क्लबाला न मागता वर्गणी दिली, कारण एकटा पुरुष सामना पाहून निघून जातो, आणि मुले असली की भजी खाल्ल्यावाचून कोणी उठत नाही.

गोलरक्षकाची आई आली. धाकटी दोघे आणि घरातली म्हातारी सोबत. पन्नासची नोट त्यांनी टेबलावर ठेवली तेव्हा आम्ही काही बोललो नाही. त्यांनीही ओळख दाखवली नाही. तिकीट घेऊन त्या आत गेल्या.

अंतिम सामना सुरू झाला. रिवाजाप्रमाणे मैदानाच्या कडेला प्रमुख पाहुण्यांसाठी मंडपवाल्याचे दोन सोफे आणि त्यामागे खुर्च्यांची एक रांग मांडली होती. समितीचे सदस्य म्हणून आम्ही दोघेही त्या खुर्च्यांवर बसलो होतो. या सगळ्या जागा अर्थातच फुकट. पाच-दहा मिनिटे झाली असतील. मागून कोणीतरी आमच्या खांद्याला हात लावला. त्या बाई होत्या. सासूबाईंना खाली सतरंजीवर बसवून त्या पुढे आल्या होत्या. “सर,” त्या म्हणाल्या, “ह्या खुर्च्यांमुळे मागे काही दिसत नाही. आम्ही तिकीट काढलंय.”

गेल्या वर्षी याच बाई ‘ऱ्हाऊ द्या’ म्हणून बाजूला झाल्या होत्या. फुकट आत नेले असते तर त्यांनी मागच्या मागे मान उंचावून पाहिले असते आणि आमचे उपकार मानले असते. पन्नास रुपयांनी त्यांना तक्रार करण्याचा अधिकार दिला. तिकीट अगदीच माफ करावे की परवडेल असे ठेवावे, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या एका वाक्यात मिळाले. दर इतका असावा की घर आत येईल. आणि इतका तरी असावा की आत आलेल्या माणसाला पाहुण्याला उठवता येईल.

आम्ही उठलो. आमच्या खुर्च्या उचलून कडेला नेल्या. ते पाहून पाहुणेही उठले आणि सोफे मागे सरकवले गेले. मग आम्ही कुटुंबांच्या बाजूला सतरंजीवर जाऊन बसलो, आमच्या मुलांजवळ. तिथे गेल्यावर आठवले की आम्ही दोघांनी तिकीट काढलेलेच नव्हते. मध्यांतरात एक जण टेबलाशी जाऊन एका चुलीचे पन्नास रुपये भरून आला.

सामना आमचा संघ हरला. असो.